निदानाआधीचा निकाल : रक्ताच्या कर्करोगाविषयीच्या निराशेचा प्रतिवाद

रक्ताच्या कर्करोगाविषयी मराठी समाजात एक मत इतके खोल रुजलेले आहे की ते केवळ मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, याचे भानही उरलेले नाही. 'ब्लड कॅन्सर म्हणजे संपलेच' हे त्या मताचे सर्वांत लहान रूप असून त्याच्या पोटात चार निरनिराळी विधाने दडलेली असतात. हा रोग एकच आहे आणि लहानथोर सर्वांची गत त्यात सारखीच होते, हे पहिले विधान. रक्त कमी झाले असेल तर ते आहाराने आणि पाल्याच्या रसाने भरून येते, इस्पितळातील औषधे मात्र अंगातली उरलीसुरली शक्तीही काढून घेतात, हे दुसरे. रिपोर्ट चांगले आले की औषधे थांबवावीत, हे तिसरे. आणि हे उपचार पैसेवाल्यांचे काम आहे, सामान्य कुटुंबाने घरदार विकून मरण चार दिवस पुढे ढकलण्यात शहाणपण नाही, हे चौथे. या चारही विधानांचे, म्हणजे या पूर्वपक्षाचे, खंडन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कारण ही विधाने निरुपद्रवी नाहीत, ती ऐकून ज्यांचा रोग बरा होण्याजोगा होता अशी माणसे, आणि विशेषतः मुले, उपचाराविना जातात.

बडोद्याच्या खंडेराव मार्केटकडे पाहिले असता या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी खंडेराव महाराजांच्या स्मरणार्थ बांधलेली ही वास्तू १९०६ साली उभी राहिली. आज तिच्या दर्शनी भागात महानगरपालिकेचे मुख्यालय आहे आणि मागे भाजीपाला, फळे व फुले यांचा बाजार आहे. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील मराठी कुटुंबांच्या पिढ्यान्‌पिढ्या ओळखीच्या असलेल्या या जागेत वरील समजुतीची दोन टोके जवळजवळ आलेली दिसतात. अंगावरचे रक्त उतरलेल्या मुलासाठी घेतलेले बीट, पालक आणि डाळिंब मागच्या बाजारातून घरी जाते, तर शहरातील जन्ममृत्यूची नोंद ठेवणे हे ज्या संस्थेचे कायदेशीर कर्तव्य आहे तिचा कारभार पुढच्या इमारतीतून चालतो. या दोन टोकांच्या मध्ये निदान नावाची एक पायरी असते, आणि पूर्वपक्षाचा सारा दोष ती पायरी गाळून थेट निकालाकडे जाण्यात आहे.

पूर्वपक्षाच्या मुळाशी असलेला अनुभव खोटा नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा झपाट्याने वाढणारा प्रकार, झालेले मूल काही आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत दगावत असे, आणि १९६० च्या दशकाच्या आरंभीही अशा दहा मुलांपैकी जेमतेम एखादेच पाच वर्षांचा टप्पा ओलांडत असे. आज ज्या घरांत या रोगाचे नाव निघताच वडीलधारे हात टेकतात, त्या घरांच्या स्मृतीत त्या काळातले एखादे मूल असते. परंतु त्या अनुभवाला मुदत होती आणि ती मुदत केव्हाच संपली. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियात श्रीमंत देशांमध्ये आज शंभरांपैकी सुमारे नव्वद मुले पाच वर्षांनंतर जिवंत असतात. भारतातील मोठ्या केंद्रांत हे प्रमाण त्याहून कमी असले, तरी तेथेही उपचार पुरे करणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुले बरी होतात. जी गोष्ट पूर्वी खरी होती ती आजही खरी धरून चालणे याला अनुभवाचे शहाणपण म्हणता येत नाही.

आता पहिल्या विधानाकडे वळावे. ल्युकेमिया म्हणजे रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेतील, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ गराच्या ठिकाणी असलेल्या पेशींचा कर्करोग. या मज्जेत प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट तयार होतात. एखादी अपरिपक्व पेशी जनुकांतील बिघाडामुळे परिपक्व न होता आपल्यासारख्याच पेशी वाढवत सुटली, की मज्जा त्या पेशींनी भरून जाते आणि उरलेल्या सर्वांची निर्मिती खुंटते. म्हणून रोगी पांढराफटक पडतो, त्याला ताप येत राहतो आणि अंगावर न लागता काळेनिळे डाग उमटतात. येथवर सर्व ल्युकेमियांचे चित्र सारखे दिसते, पण बिघडलेली पेशी कोणत्या वंशाची, बिघाड कोणता आणि वाढ किती वेगाची, या तीन प्रश्नांची उत्तरे निराळी आली की रोग निराळा, औषध निराळे आणि भवितव्यही निराळे ठरते.

मुलांमधील ल्युकेमियांपैकी सुमारे तीन चतुर्थांश हे तीव्र लिम्फोब्लास्टिक प्रकारचे, म्हणजे डॉक्टर ज्याला 'एएलएल' म्हणतात त्या प्रकारचे असतात, आणि दोन ते पाच या वयात त्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. हाच एएलएल प्रौढाला झाला तर पेशींतील बिघाड बहुधा अधिक चिवट प्रकारचा असतो, शरीरही मुलांइतकी औषधे सोसत नाही, आणि म्हणून बरे होण्याचे प्रमाण खाली येते. तरीसुद्धा तरुण प्रौढांना मुलांच्या पद्धतीचे उपचार दिल्यास निष्पत्ती सुधारते, असे अनेक देशांत आढळून आले आहे. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे 'एएमएल', हा मुख्यतः प्रौढांचा आणि वयाबरोबर वाढत जाणारा रोग आहे. जुनाट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे 'सीएमएल', मुलांमध्ये विरळा आढळतो आणि प्रौढांमध्ये तो आज रोज गोळ्या घेऊन ताब्यात ठेवता येतो. जुनाट लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे 'सीएलएल', मुलांना जवळजवळ होतच नाही. उतारवयात तो अनेकदा दुसऱ्याच कारणाने केलेल्या रक्ततपासणीत सापडतो आणि लक्षणे नसतील तर कित्येक वर्षे औषधाविना, केवळ ठरावीक काळाने तपासणी करत त्यावर लक्ष ठेवले जाते. एकाच नावाखाली असे चार मोठे गट, त्यांच्या आत पुन्हा अनेक उपप्रकार, आणि त्यांतला एक काही दिवसांत जीव घेऊ शकणारा तर दुसरा दहा वर्षे शांत राहू शकणारा, अशी स्थिती असताना सत्तरीतल्या चुलत्याच्या आजाराचा दाखला चार वर्षांच्या पुतण्याला लावणे हे कोणत्याही तर्काने टिकत नाही.

याच गटांपैकी एकाच्या इतिहासात पूर्वपक्षाला सर्वांत स्पष्ट उत्तर मिळते. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा एएमएलचा एक उपप्रकार असून त्यात रक्त गोठण्याची क्रियाच कोलमडते, आणि एके काळी तो सर्व ल्युकेमियांत सर्वाधिक झपाट्याने मारणारा समजला जात असे. चीनमधील हार्बिन येथील वैद्यकांनी १९७० च्या दशकापासून आर्सेनिकचा आणि १९८० च्या दशकात शांघायच्या वैद्यकांनी 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेल्या ट्रेटिनॉइन या औषधाचा या रोगावरील परिणाम दाखवून दिला; वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९९८ पासून केवळ आर्सेनिक ट्रायऑक्साइड वापरून अशा रुग्णांवर उपचार झाले; आणि आज कमी व मध्यम जोखमीच्या गटातील दहापैकी नऊहून अधिक रुग्ण या दोन औषधांच्या जोडीने बरे होतात. सर्वांत भयंकर म्हणून गणला गेलेला प्रकार सर्वाधिक बऱ्या होणाऱ्या प्रकारांत जाऊन बसला, पण या रोगात पहिले काही दिवसच घातक असल्यामुळे त्याची शंका आल्याबरोबर, पक्का अहवाल हाती येण्यापूर्वीच, औषध सुरू करावे लागते. आर्सेनिक म्हणजेच सोमल, आणि सोमल तर आपल्या रसशास्त्रात आहेच, तेव्हा भस्मानेही तेच काम होईल, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो मान्य होऊ शकत नाही. येथे उपयोगी पडले ते ठरावीक मात्रेत शिरेतून दिलेले शुद्ध द्रव्य, तेही एकाच उपप्रकारात, हृदयाच्या आलेखावर आणि क्षारांच्या पातळीवर नियमित नजर ठेवून; कोणत्याही ल्युकेमियावर अंदाजाने दिलेले सोमलयुक्त भस्म हे विषच ठरण्याचा संभव अधिक.

दुसरे विधान आहाराचे आहे आणि त्याचा विचार अधिक तपशिलाने केला पाहिजे, कारण त्यात अर्धे सत्य आहे आणि त्या अर्ध्या सत्याचा उगम मुंबईत आहे. ल्युसी विल्स या इंग्रज संशोधिका १९२८ साली मुंबईत आल्या आणि गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या एका जीवघेण्या पांडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे मार्माइट, दिल्याने या स्त्रियांचे रक्त भरून येते, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला, आणि आंध्रात भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या अमेरिकन प्रयोगशाळेचे संशोधन चालवत होते, तेथे ते १९४५ साली कृत्रिमरीत्या तयार झाले. म्हणजे आहारातील एका घटकाने रक्त भरून आले, हे सत्य आहे. परंतु पुढची पायरी तितकीच महत्त्वाची आहे. बोस्टनमधील डॉक्टर सिडनी फार्बर यांनी हेच फॉलिक आम्ल ल्युकेमियाच्या मुलांना देऊन पाहिले, तेव्हा रोग कमी होण्याऐवजी भडकल्याचे त्यांना दिसले, आणि त्यावरून त्यांनी उलटा विचार केला : जे द्रव्य या पेशींना पोसते, त्याचाच मार्ग अडवावा. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून आलेले अमिनोप्टेरिन हे फॉलिक आम्लविरोधी औषध त्यांनी १६ मुलांना दिले, त्यांपैकी दहा मुलांचा रोग काही काळापुरता ओसरला, आणि जून १९४८ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट हे औषध आज जगभर मुलांच्या एएलएलवरील उपचारात दिले जाते.

या इतिहासाचा अर्थ घरी पालक किंवा डाळिंब खाणे घातक आहे असा मुळीच नाही. पांडुरोग हे एक लक्षण आहे आणि त्याची कारणे निरनिराळी असतात, इतकेच त्यातून निर्विवाद सिद्ध होते. लोहाच्या कमतरतेने रक्त उतरले असेल तर लोह द्यावे, फॉलिक आम्लाच्या अभावाने उतरले असेल तर ते द्यावे; परंतु मज्जाच रोगट पेशींनी व्यापलेली असताना रक्त उतरले असेल, तर कच्चा माल कितीही पुरवला तरी तो वापरणारी यंत्रणाच जागेवर नसते. पपईच्या पानांच्या रसाचेही तेच. डेंग्यूमध्ये प्लेटलेट कमी होण्याचे कारण वेगळे आणि त्या तापानंतर बहुतेकांच्या प्लेटलेट आपोआप वाढतात. ल्युकेमियात त्या तयारच होत नाहीत. शिवाय पांढऱ्या पेशी अत्यंत कमी झालेल्या रुग्णाला न उकळलेला, माती लागलेल्या पाल्याचा किंवा गव्हांकुरांचा कच्चा रस देणे म्हणजे जंतूंना वाट करून देणे होय. मज्जारोपणाच्या कक्षात ताजी फुले आणि कुंडीतली मातीसुद्धा नेऊ देत नाहीत, ते याच कारणाने. खंडेराव मार्केटमधून येणारी भाजी आणि फळे स्वच्छ धुऊन, शिजवून किंवा साल काढून रुग्णाला अवश्य द्यावीत, कारण चांगल्या आहारावाचून उपचार सोसवत नाहीत. पण आहार उपचाराच्या सोबतीला असतो, त्याच्या जागी येऊ शकत नाही.

याहून मोठी हानी औषध म्हणून घाईने दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे होते आणि तिच्याविषयी समाजात फारसे बोलले जात नाही. एएलएलच्या मुलाला पुष्कळदा आरंभी फक्त ताप आणि हाडांचे किंवा सांध्यांचे दुखणे असते, ते लंगडू लागते, रात्री पाय दुखतात म्हणून रडते; ही वाढीची दुखणी आहेत असे घरातले म्हणतात, आणि कोणी ते संधिवाताचे दुखणे समजून प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन देते. ही दोन्ही औषधे एएलएलच्या पेशींना मारतात. त्यामुळे चार दिवसांत ताप उतरतो, मूल खेळू लागते आणि सर्वांचे समाधान होते. परंतु अर्धवट माऱ्याने रोग दबलेला असतो, मज्जेची तपासणी केली तरी निदान पुसट येते, आणि तो परत उसळतो तेव्हा महत्त्वाचे आठवडे गेलेले असतात. म्हणून कारण न कळलेल्या तापात किंवा सांधेदुखीत रक्ताची चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय मुलाला स्टेरॉइड देऊ नये, हा नियम प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

ही चकती म्हणजे काय, हे समजून घेतले तर निदानाची भीती पुष्कळ कमी होईल. रक्ताचा एक थेंब काचेच्या पट्टीच्या एका टोकाला ठेवून दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो पुढे ओढला जातो, तेव्हा शेवटाकडे पातळ होत गेलेला पिसासारखा थर तयार होतो. तो वाळवून लीशमन रंगाने रंगवला की पेशींची केंद्रके जांभळी दिसू लागतात. निरोगी रक्तात पांढऱ्या पेशी परिपक्व, विविध आकारांच्या केंद्रकांच्या असतात. ल्युकेमियात पेशीचा बहुतेक भाग व्यापणारे मोठे, गोल, कोवळे केंद्रक आणि त्याभोवती पेशीरसाची अरुंद किनार असलेल्या एकसारख्या पेशी दृष्टीस पडतात, ज्यांना ब्लास्ट म्हणतात. एएमएलच्या काही ब्लास्ट पेशींत काडीसारख्या तांबूस रेषा दिसतात आणि तेवढ्यावरून रोगाच्या वंशाचा माग लागतो. यंत्राने मोजलेला पांढऱ्या पेशींचा आकडा वाढलेला, घटलेला किंवा अगदी सामान्यही असू शकतो. म्हणून केवळ आकडा पाहून 'काउंट नॉर्मल आहे' असे समाधान मानणे चुकीचे असून ही काचपट्टी डोळ्यांनी पाहिली जाणे महत्त्वाचे असते.

त्यानंतर कमरेच्या हाडाच्या मागच्या उंचवट्यातून, जागा बधिर करून, सुईने थोडी मज्जा काढली जाते. ओढताना क्षणभर कळ येते, लहान मुलांना त्यासाठी गुंगी देतात, आणि काही तासांत मूल घरी जाऊ शकते. या सुईने माणूस लुळा होतो हा समज निराधार आहे, कारण सुई पाठीच्या कण्यात जातच नाही. काढलेल्या पेशींवर कोणती प्रथिने आहेत हे फ्लो सायटोमेट्री या तंत्राने, गुणसूत्रांत कोणती उलथापालथ झाली आहे हे गुणसूत्र-तपासणीने, आणि जनुकांतला नेमका बिघाड रेण्वीय चाचण्यांनी कळतो. मेंदूभोवतालच्या पाण्यात रोग पोचला आहे का, हे पाहण्यासाठी मात्र कमरेच्या मणक्यांमधून थोडे पाणी काढावे लागते. हे सारे अहवाल हाती येईपर्यंत रोग्याचे भवितव्य कोणत्याही डॉक्टरला सांगता येत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर तज्ज्ञ इतक्या तपासण्यांनंतर देतो, त्याचे उत्तर नुसत्या 'ब्लड कॅन्सर' या शब्दावरून देण्याचा अधिकार नातेवाइकाला किंवा शेजाऱ्याला पोचत नाही.

तिसरे विधान उपचार मध्येच सोडण्याचे आहे, आणि भारतातील मुलांच्या मृत्यूंमध्ये त्याचा वाटा मोठा आहे. एएलएलच्या उपचाराला साधारण दोन ते अडीच वर्षे लागतात. पहिल्या चार-पाच आठवड्यांत व्हिन्क्रिस्टिन, स्टेरॉइड, अ‍ॅस्पॅराजिनेज इत्यादी औषधांनी रोग ओसरवला जातो; मग काही महिने अधिक तीव्र औषधे दिली जातात; मेंदूभोवतीच्या पाण्यात मेथोट्रेक्सेट टोचले जाते, कारण शिरेतून दिलेली बहुतेक औषधे तेथे पुरेशी पोचत नाहीत; आणि शेवटी दीर्घकाळ रोज मर्कॅप्टोप्युरीन व आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट अशा गोळ्या चालतात. पहिल्या महिन्याअखेर मूल हसतखेळत असते, रक्ताचे आकडे सुधारतात, आणि नेमक्या याच वळणावर पूर्वपक्षाचा सल्ला घरात शिरतो. परंतु निदानाच्या वेळी शरीरात सुमारे एक लाख कोटी रोगट पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा स्वच्छ दिसू लागली तरी त्यांपैकी अब्जावधी पेशी शिल्लक असू शकतात. म्हणूनच आज दहा हजार पेशींत एक रोगट पेशी उरली असली तरी ती शोधणारी चाचणी केली जाते आणि तिच्या उत्तरावर पुढच्या औषधांची तीव्रता ठरते. शेवटच्या टप्प्यातील गोळ्यांविषयीही हयगय चालत नाही. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात मर्कॅप्टोप्युरीनच्या ठरलेल्या मात्रांपैकी ९५ टक्क्यांहून कमी घेणाऱ्या मुलांत रोग उलटण्याची जोखीम अडीच पटीहून अधिक आढळली. तेव्हा बरे दिसणे आणि बरे होणे यांत दोन वर्षांचे अंतर आहे, हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजे.

राहिले चौथे विधान, पैशाचे. त्यामागची व्यथा खरी आहे. रोज मजुरी करणाऱ्या बापाला दोन वर्षे इस्पितळाच्या वाऱ्या करणे म्हणजे काय, याची जाणीव नसलेल्याने या विषयावर लिहूच नये. तरीही उपचार केवळ श्रीमंतांचे आहेत हे विधान खोटे आहे, आणि ते खोटे ठरवण्यासाठी या देशातील पुष्कळांनी झीज सोसली आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, जे १९४१ पासून चालू आहे, १९८० च्या दशकात डॉ. सुरेश अडवाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या साहाय्याने भारतातील परिस्थितीला झेपेल असा एएलएलचा उपचारक्रम उभा केला, जो 'एमसीपी ८४१' या नावाने मुंबई, चेन्नई व दिल्ली येथे वापरला गेला आणि ज्याने बऱ्या होणाऱ्या मुलांचे प्रमाण एक पंचमांशाच्या आसपासवरून निम्म्याच्या जवळ आणले. त्याच रुग्णालयात १९८३ साली देशातील पहिले मज्जारोपण झाले. सीएमएलवरील इमॅटिनिब हे औषध २००१ साली आले; त्यानंतरच्या काळात मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता आणि भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा आठ ते दहा हजार. मूळ कंपनीचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, आणि मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था त्या लढ्यात अखेरपर्यंत उभी होती. या गोळीने सीएमएलच्या रुग्णांचे जे झाले ते लक्षात घ्यावे : मूळ अभ्यासात ती घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते.

बडोद्याच्या रहिवाशाला आज कोणत्या वाटा मोकळ्या आहेत, हेही येथे नोंदवले पाहिजे. शहरात सर सयाजीराव जनरल रुग्णालय आहे, वाघोडिया तालुक्यात गोरज येथे मुनी सेवा आश्रमाचे कैलास कॅन्सर हॉस्पिटल आहे, अहमदाबादला गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठता येते. गुजरातमध्ये आयुष्मान योजनेखाली जुलै २०२३ पासून पात्र कुटुंबाला वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मुंबईत राहण्याची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, परळच्या नाना पालकर स्मृती समितीत, आणि मुलांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्समध्ये होऊ शकते. टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागाशी जोडलेले इम्पॅक्ट फाउंडेशन मुलांचा खर्च, निवारा आणि आहार यांचा भार उचलते, ते मुख्यतः पैशांअभावी उपचार सुटू नयेत म्हणूनच. या सोयी पुरेशा आहेत असा दावा नाही, आणि जागेसाठी, मंजुरीसाठी, रक्तदात्यासाठी होणारी ओढाताण नाकारता येत नाही. पण घर विकण्याआधी इस्पितळातील समाजसेवा विभागाची खिडकी गाठावी, हा सल्ला 'काही उपयोग नाही' या सल्ल्यापेक्षा अधिक खरा आहे.

प्रामाणिक प्रतिवादाने स्वतःच्या मर्यादाही मांडल्या पाहिजेत. साठीनंतरचा एएमएल आजही फार कठीण रोग आहे; सात दिवस सायटॅराबिन आणि तीन दिवस डॉनोरुबिसिन ही तीव्र पद्धत अनेक वृद्धांना सोसत नाही, आणि व्हेनेटोक्लॅक्स व अ‍ॅझासिटिडिन ही नवी, तुलनेने सौम्य जोडी मोठ्या चाचणीत सरासरी आयुष्य साडेनऊ महिन्यांवरून जवळपास पंधरा महिन्यांपर्यंतच नेऊ शकली. उपचारांच्या काळात जंतुसंसर्गाने मुलेही दगावतात. उलटलेल्या एएलएलवर आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या, रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना प्रयोगशाळेत रोगाविरुद्ध घडवून परत देणाऱ्या 'नेक्सकार १९' या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तरी परदेशी उपचारांहून कितीतरी स्वस्त असूनही तो लाखोंच्या घरात जातो. काही रुग्णांच्या बाबतीत तीव्र औषधे थांबवून वेदनाशमन आणि सोबत यांवर भर देणे हाच योग्य निर्णय असतो, आणि तो घेणाऱ्या कुटुंबाला कोणीही दोष देता कामा नये. परंतु हा निर्णय निदान, वय, पेशींतील बिघाड आणि रुग्णाची इच्छा यांचा विचार करून घ्यावयाचा असतो. पूर्वपक्ष तोच निर्णय यांपैकी काहीही न पाहता, सर्वांसाठी आणि आधीच घेऊन टाकतो.

या मताचा आणखी एक दुष्परिणाम नोंदींत दिसतो. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र अभिप्रेत आहे; पण ज्या मुलाच्या रक्ताची चकती कधी पाहिलीच गेली नाही, त्याचा मृत्यू ताप, पांडुरोग किंवा हृदयक्रिया बंद पडणे या नावांखाली जातो. मग रोगाची संख्या कमी दिसते, संख्या कमी दिसते म्हणून सोयी वाढत नाहीत, सोयी नाहीत म्हणून मुले मरतात, आणि मुले मरतात म्हणून रोग असाध्य आहे हे मत पुन्हा पक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे कर्करोग झालेल्या मुलांपैकी श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात आणि अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. हा फरक रोगात नसून निदान वेळेवर होणे, औषध मिळणे आणि उपचार पुरे होणे यांत आहे.

म्हणून मागणी मोठी नाही. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा ताप, वाढता फिकटपणा, न लागता उठणारे डाग, हिरड्यांतून रक्त, मानेतल्या गाठी, पोटात वाढलेली प्लीहा किंवा लंगडण्याइतके हाडांचे दुखणे, यांपैकी काहीही दिसल्यास मुलाच्या किंवा मोठ्याच्या रक्ताची गणना आणि चकती त्याच आठवड्यात तपासली जावी. महानगरपालिकेच्या दवाखान्यांतून ती तपासणी सहज मिळावी आणि शाळाशिक्षकांना ही लक्षणे ठाऊक असावीत. शंका आली तर पाल्याचे रस, टॉनिके आणि स्टेरॉइड यांत दिवस न घालवता मज्जा तपासणाऱ्या केंद्राकडे रुग्णाला पाठवावे. निदान झाल्यावर प्रकार कोणता, बरे होण्याची शक्यता किती, उपचार किती काळ आणि कोणत्या योजनेतून, हे चार प्रश्न कुटुंबाने डॉक्टरांना विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत. एवढे झाल्यानंतर कुटुंब जो निर्णय घेईल तो त्याचा अधिकार आहे. त्यापूर्वी कोणी 'संपलेच' असे म्हणत असेल, तर त्याला तेथेच अडवून मज्जेचा अहवाल कोठे आहे असे विचारणे, हे रुग्णाच्या प्रत्येक आप्ताचे कर्तव्य आहे.